आधी अंदाज लिहा, मग नाणं उडवा

मी सांगोल्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. शक्यता हा विषय पहिल्यांदा वर्गात घेतला तेव्हा मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. फळ्यावर लिहिलं, 'नाणं उडवल्यास छापा येण्याची शक्यता १/२'. मुलांनी वहीत उतरवलं, भोवती चौकट आखली. मग मी विचारलं, "सलग पाच वेळा छापा आला, तर सहाव्यांदा काय येईल?" अख्खा वर्ग एका सुरात, "काटा!" वहीत १/२ होतं आणि डोक्यात भलतंच. माझ्या चौकटीतल्या १/२ ने त्याला धक्कासुद्धा लावला नव्हता.

तेव्हापासून क्रम उलटा केला. मुलांनी आधी अंदाज लिहायचा, तोही पेनने, खोडता येणार नाही असा. नाणं त्यानंतर. १/२ हा आकडा मी तिसऱ्या तासापर्यंत तोंडातून काढत नाही. 'संभाव्यता' हा शब्दही नाही. तो, आणि त्याच्यासोबतचे नमुना अवकाश वगैरे, दहावीच्या गणित भाग एकमध्ये येतातच. सातवीला 'शक्यता' पुरते. माझे या विषयाला पाच तास जातात. अभ्यासक्रम मागे पडतो का? पडतो. पुढे अपूर्णांक आणि शेकडेवारीत भरून निघतो, कारण या पाच तासांत मुलं तेच करत असतात.

तयारी फार नाही. चौतीस मुलं असतील तर सतरा जोड्या, प्रत्येक जोडीला एक नाणं. घरून आणायला सांगितलं की दहाची नाणी सगळ्यांत जास्त येतात. आमच्याकडे बरेच दुकानदार ती घ्यायला कुरकुर करतात, म्हणून घराघरांत पडून असतात. चालतात तीही. पण सुरुवात करण्यापूर्वी एक वाद मिटवून घ्या, नाहीतर तो तिसऱ्या फेकीला उपटतो: छापा कुठला? 'आकडा छापलाय म्हणून तो छापा' असं म्हणणारी दोन-तीन मुलं दरवर्षी निघतात, आणि त्यांचं तर्काने काही चुकत नाही. मी फळ्यावर लिहूनच टाकते, सिंहांची बाजू छापा, दुसरी बाजू काटा. मग कुणाचं नाणं जुनं असो की नवं, भांडण नाही.

दुसरी गोष्ट सतरंजी. फरशीवर सतरा नाणी एकदम पडायला लागली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येतात, आणि एखादं नाणं कपाटाखाली घरंगळत गेलं की पाच मुलं त्याच्यामागे पालथी पडतात. घडी घातलेली सतरंजी किंवा दप्तर खाली ठेवा. एकाने उडवायचं, दुसऱ्याने लिहायचं, पंचवीस झाले की अदलाबदल. लिहिताना नुसत्या ताळ्याच्या खुणा नकोत. एकापुढे एक 'छ' आणि 'क' लिहून क्रम राखायचा. हे विसरलात तर पुढचे दोन तास वाया जातात, कारण खरी गंमत क्रमात आहे. बेरीज त्यातून केव्हाही काढता येते.

आता पहिला तास. वर्गाचे दोन भाग करा. नऊ जोड्या खरोखर पन्नास वेळा नाणं उडवून लिहितील. उरलेल्या आठ जोड्या नाण्याला हात न लावता पन्नास फेकी मनाने रचतील, अगदी खऱ्या वाटतील अशा, बाईंना फसवायच्या इराद्याने. कुणी काय केलं ते मला कळू द्यायचं नाही. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहते. परत येते तेव्हा टेबलावर सतरा कागद पालथे पडलेले असतात.

एकेक कागद उचलून मी 'खरा' किंवा 'रचलेला' सांगते. बहुतेक बरोबर येतात. मुलं आधी अक्षरावरून ओळखलं म्हणतात, मग कुणीतरी फितूर आहे म्हणतात. युक्ती एवढीच की मी सगळ्यांत लांब सलग पट्टा शोधते. रचलेला कागद साधारण असा असतो:

छ क छ छ क छ क क छ क क छ क छ छ छ क छ क क

आणि खरा असा:

क क छ क छ छ छ छ छ छ क छ क क क क छ छ क छ

सलग तीन छापे लिहून झाले की रचणाऱ्या मुलाचा हात थरथरतो. आता बदलायला हवं, नाहीतर खोटं वाटेल! नाण्याला असली लाज नाही. पन्नास फेकींत कुठेतरी सलग पाच किंवा जास्त सारखे येण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के आहे, सलग सहा किंवा जास्त येण्याची ५४ टक्के. म्हणजे खऱ्या पाच कागदांपैकी एखादा पाचाच्या पट्ट्याविना निघतो आणि मी फसते. गेल्या वर्षी एका मुलीच्या खऱ्या कागदावर सर्वांत लांब पट्टा चारचा होता, मी ठामपणे 'रचलेला' म्हणाले, आणि वर्गाने बाक बडवले. फसणं लपवू नका. 'बाई नेहमी बरोबर नसतात, पण बऱ्याचदा असतात' हे वाक्य मुलांच्या तोंडी आलं की शक्यतेचा निम्मा धडा झाला.

युक्ती लगेच सांगायची नाही. दोन्ही प्रकारचे कागद भिंतीला चिकटवून मुलांनाच शोधायला लावा. आमच्याकडे कधी दहा मिनिटं लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो.

दुसऱ्या तासाला रचणाऱ्या आठ जोड्याही खरोखर नाणं उडवतात. आता आपल्याकडे सतरा कागद, ८५० खऱ्या फेकी. 'पाच छापे झाले, आता काटा' या समजुतीला इथे हात घालायचा. मी पाचाऐवजी तीन घेते, कारण तशा जागा पुरेशा सापडतात. प्रत्येक जोडीने आपल्या कागदावर जिथे जिथे सलग तीन छापे आलेत तिथे खाली रेघ मारायची आणि लगेच पुढचं अक्षर लाल पेनने गोल करायचं. पट्टा चारचा असेल तर त्यात सलग तीन दोनदा बसतात, दोन्ही धरायचे. १७ कागदांत अशा शंभरच्या आसपास जागा मिळतात. मोजण्याआधी पुन्हा अंदाज: लाल गोलांत काटे किती? माझ्या मुलांनी सत्तर, ऐंशी लिहिलं होतं. एकाने शंभरपैकी शंभर. गेल्या वर्षी १०३ जागा निघाल्या: पुढे छापा ५४ वेळा, काटा ४९ वेळा.

वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून आलं, "म्हंजे नाण्याला मागचं आठवत न्हाई व्हय?" हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर कुणी वाचलंही नसतं.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले होते. लाल गोल सगळ्या वर्गाचे एकत्र मोजा. प्रत्येक जोडीच्या लाल गोलांतल्या छाप्यांचा वेगळा अपूर्णांक काढून मग त्यांची सरासरी काढू नका, ती निम्म्याहून कमी भरते. पहिल्या वर्षी मी तसंच केलं, आकडा घसरला, आणि 'बघा बाई, काटाच जास्त पडतोय' म्हणणाऱ्यांना माझ्याच फळ्यावर पुरावा मिळाला. असं का होतं ते तीन फेकींवर हाताने करून बघा. आठ प्रकार मांडा आणि प्रत्येकात छाप्यानंतरच्या फेकींपैकी किती वेळा पुन्हा छापा आला ते अपूर्णांकात लिहा. 'काटा-काटा-छापा' आणि 'काटा-काटा-काटा' यांत छाप्यानंतर फेकच नाही, ते बाजूला. उरलेल्या सहांचे (छछछ, छछक, छकछ, छकक, कछछ, कछक) अपूर्णांक अनुक्रमे १, १/२, ०, ०, १, ० असे येतात, सरासरी ५/१२. पण सगळे एकत्र मोजले तर आठ संधींपैकी चार, म्हणजे बरोबर निम्मे. छापाछापाछापा या एका ओळीत दोन संधी आहेत, पण सरासरी काढताना तिला एकाच संधीच्या ओळीइतकंच वजन मिळालं, तिथे गडबड झाली. हे सातवीच्या मुलांना सांगू नका. आपल्यासाठी आहे.

तिसरा तास आलेखाचा. कार्डशीटवर आडवी रेघ फेकींच्या संख्येची, उभी छाप्यांच्या टक्केवारीची. एकेक जोडी पुढे येऊन आपले छापे आधीच्या बेरजेत मिळवते आणि नवा टिंब देते. गेल्या वर्षी पहिल्या जोडीचे पन्नासात २९, म्हणजे ५८ टक्के. दुसरीचे २४ मिळवून शंभरात ५३. तिसरीनंतर बरोब्बर ५०, टाळ्या झाल्या. चौथीनंतर पुन्हा ५१.५. शेवटी ८५० पैकी ४३७, म्हणजे ५१.४ टक्के. रेघ सुरुवातीला उड्या मारते, मग दमल्यासारखी पन्नासच्या आसपास रेंगाळते. आता, आणि आताच, मी १/२ फळ्यावर लिहिते.

याच तासाला तीन माणसांची गोष्ट सांगते. फ्रान्समधल्या ब्युफाँने अठराव्या शतकात ४,०४० फेकी मोजल्या, छापे २,०४८. इंग्लंडचा संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन याने २४,००० फेकी, छापे १२,०१२. आणि जॉन केरिक हा दक्षिण आफ्रिकेत शिकवणारा गणिताचा प्राध्यापक १९४० मध्ये सासुरवाडीला डेन्मार्कला गेला असताना जर्मन फौजा तिथे शिरल्या. नजरकैदेत असताना त्याने १०,००० वेळा नाणं उडवलं, छापे ५,०६७. सासुरवाडीत अडकला म्हटल्यावर मुलं जी हसतात ती हसतात, पण ५,०६७ हा आकडा त्यांना पाठ होतो.

मग विचारायचं, केरिकचे निम्म्यापेक्षा किती जास्त? ६७. आपले? १२. मग त्याचं नाणं आपल्यापेक्षा वाईट का? दोन गट पडतात आणि त्यांना भांडू द्यावं. टक्केवारी काढली की केरिकचे ५०.६७, आपले ५१.४. फेकी वाढतात तसा छापे-काट्यांतला फरक शून्याकडे जातो असं आपणही नकळत बोलून जातो. तसं नाही. नगांत मोजला तर तो सहसा वाढतच जातो, पण फेकींच्या मानाने नगण्य होतो. गावच्या सोसायटीच्या हिशेबात शंभर रुपयांचा फरक आणि मुलाच्या खाऊच्या पैशांत शंभरचा फरक, असं सांगितलं की पोहोचतं. आणखी एक आकडा मुलांना चक्रावतो: १०० फेकींत बरोब्बर ५० छापे येण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के. 'निम्मे येतात' आणि 'नेमके निम्मे येतात' यांत किती अंतर आहे ते त्यावरून कळतं.

चौथ्या तासाला बैलगाडा शर्यत. फळ्यावर दहा-दहा घरांच्या तीन धावपट्ट्या. एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं एकदम उडवायचं. दोन्ही छापे आले की पहिला गाडा एक घर पुढे, दोन्ही काटे आले की दुसरा, एक छापा एक काटा आला की तिसरा. शर्यतीआधी प्रत्येकाने आपला गाडा निवडून नाव लिहायचं. पहिल्या शर्यतीत मतं सारखी विभागतात, कारण 'तीन प्रकार, प्रत्येकाला तिसरा हिस्सा'. तिसरा गाडा जिंकतो. दुसऱ्या शर्यतीतही बहुधा तोच. तिसऱ्या शर्यतीला सगळे त्याच्याच मागे उभे राहतात आणि कुणीतरी म्हणतं की ही लबाडी आहे.

लबाडी कुठे आहे ते शोधायला म्हणूनच दोन वेगळी नाणी घेतली. रुपयाचा छापा आणि दोनचा काटा एक, रुपयाचा काटा आणि दोनचा छापा दुसरा. एकूण चार निकाल, त्यातले हे दोन तिसऱ्या गाड्याचे. ज्यांना हे पटकन दिसलं नाही त्यांना दालांबेरबद्दल सांगते. फ्रान्सचा मोठा गणिती. १७५४ साली फ्रेंच ज्ञानकोशातल्या लेखात त्याने दोन फेकींत निदान एक छापा येण्याची शक्यता २/३ मानली. त्याचं म्हणणं, पहिल्याच फेकीला छापा आला की खेळ संपला, म्हणजे छापा, काटा-छापा आणि काटा-काटा असे तीनच प्रकार. बरोबर उत्तर ३/४. तीन प्रकार आहेत हे खरं, पण तिघांचं वजन सारखं नाही. 'एवढा मोठा माणूस चुकला' याचा मुलांना होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

तीन नाण्यांसाठी मी शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या गुरुजींना बोलावते. सगळे प्रकार लिहा म्हटलं की मुलं सहा लिहितात, सात लिहितात, एखादा दोनदा लिहितात. गुरुजी फळ्यावर वृत्तांचे गण लक्षात ठेवायचं सूत्र लिहितात, यमाताराजभानसलगा. छापा म्हणजे गुरू (दीर्घ अक्षर), काटा म्हणजे लघू (ऱ्हस्व अक्षर). पहिली तीन अक्षरं य-मा-ता, काटा-छापा-छापा. एक घर सरकून मा-ता-रा, तिन्ही छापे. मग ता-रा-ज, छापा-छापा-काटा. असं सरकत स-ल-गा पर्यंत गेलं की आठही प्रकार हाती येतात, एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. कवितेचे आठ गण तेच तीन नाण्यांचे आठ निकाल. मग छाप्यांप्रमाणे गठ्ठे करा: तीन छापे एकट्या मगणात, दोन छापे य, त, र मध्ये, एक छापा ज, भ, स मध्ये, शून्य नगणात. १, ३, ३, १. आठवीची मुलं असतील तर इथून पिंगलाच्या छंदशास्त्राकडे आणि दहाव्या शतकातल्या हलायुधाच्या मेरुप्रस्ताराकडे, म्हणजे अशाच आकड्यांच्या त्रिकोणाकडे, जाता येतं. सातवीला मी इथेच थांबते, कारण घंटा झालेली असते आणि गुरुजींना आता वृत्तं शिकवायचा उत्साह आलेला असतो.

घरचा अभ्यास चिंचोक्याचा. फोडलेला अर्धा चिंचोका, एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी फुगीर. आमच्याकडच्या आज्या पटावर फाशांच्या जागी हेच टाकायच्या. शंभर वेळा टाकून पांढरं किती ते लिहून आणायचं. इथे १/२ म्हणायची सोय नाही. दोन बाजू आहेत म्हणून शक्यता निम्मी-निम्मी होत नाही, हे नाण्याने कधीच शिकवलं नसतं. एका चिंचोक्याचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही, तेही दिसतं. 'उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे पन्नास टक्के' म्हणणाऱ्या काकाला माझ्या एका विद्यार्थिनीने चिंचोका दाखवला होता म्हणे.

नाणं तरी पुरतं निम्मं आहे का, असं हुशार मूल विचारतं. पर्सी डायकोनिस हा गणिती, जो आधी जादूगार होता, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की अंगठ्याने उडवून हातात झेललेलं नाणं सुरुवातीला जी बाजू वर होती तिच्याकडे किंचित झुकतं, शंभरात ५१ च्या आसपास. २०२३ मध्ये एका गटाने ३,५०,७५७ फेकी मोजल्या, ५०.८ टक्के निघाले. वर्गात हा फरक दिसणार नाही. तरी मी एकदा छापा वर, एकदा काटा वर धरून उडवायला सांगते.

एक सावधगिरी. दुसऱ्या वर्षी गावात बातमी फिरली की बाई पोरांना छापाकाटा लावायला शिकवतात. एक पालक थेट शाळेत आले. त्यांचं चुकलं नव्हतं, जत्रेत त्या खेळावर लोकांचे पैसे गेलेले त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून वर्गात पैज नाही, बक्षीस नाही, आणि नाणी तास संपताच मोजून परत. पहिल्या दिवशी वहीत पालकांसाठी दोन ओळींची चिठ्ठी लिहून देते. ते पालक नंतर एकदा बैलगाडा शर्यत बघायला थांबले होते. त्यांनी दुसरा गाडा निवडला.

पाचव्या तासाला माझ्याकडे एक खास नाणं असतं. रुपयाची दोन नाणी, आकड्याच्या बाजू आतून, मध्ये दुहेरी चिकटपट्टी. दोन्हीकडे छापा. मी टेबलाजवळ उभी राहून उडवते, झेलते, निकाल सांगते, नाणं कुणाच्या हातात देत नाही. दर फेकीनंतर मुलांनी वहीत लिहायचं, नाणं खरं की लबाड. पहिला छापा, दुसरा, तिसरा, सगळे 'खरं'. चौथ्याला चुळबुळ. पाचव्याला एक म्हणाला, "सलग पाच येतातच की बाई, आपण मोजलंय." दुसरी म्हणाली, "पन्नास फेकींत कुठंतरी येतात. पहिल्याच पाचात?" तिने पाटीवर १/२ ला पाच वेळा गुणून १/३२ काढलं. सहाव्याला वही-पेन बाजूला पडली. 'आता काटा येणार' असं त्या दिवशी कुणीही म्हणालं नाही. आठव्याला सगळे उठून टेबलाभोवती आले.

चिकटपट्टी खरवडून काढायला संध्याकाळ गेली. त्यातलं एक नाणं अजून चिकट आहे आणि दरवर्षी डब्यातून नेमकं तेच कुणाच्या तरी हाताला लागतं. "बाई, हे नको, हे तसलं आहे," म्हणून ते परत येतं. मी त्याला पन्नास वेळा उडवून बघायला सांगते.